चिमूरचा धडा आणि संशयिताचे हक्क

चिमूरचे नाव महाराष्ट्रात शौर्यासाठी घेतले जाते. त्या शौर्यानंतर चाललेल्या खटल्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तत्कालीन चांदा जिल्ह्यातील या गावी निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि प्रक्षुब्ध जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले. पुढे लष्कराने गावात केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. देशाच्या दृष्टीने जे स्वातंत्र्यसैनिक होते, ते सरकारच्या दप्तरी केवळ खुनी आणि दंगेखोर होते. त्यांचे खटले नेहमीच्या न्यायालयांत न चालता वटहुकमाने नेमलेल्या विशेष न्यायालयांत चालले. १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने हा वटहुकूम अवैध ठरविला, तेव्हा सरकारने तातडीने दुसरा वटहुकूम काढून दिलेल्या शिक्षा कायम राखल्या. प्रिव्ही कौन्सिलने पुढे मूळ वटहुकूमही वैध मानला. चिमूर-आष्टीच्या कैद्यांची फाशी अखेर टळली ती लोकमताच्या रेट्यामुळे; १९४५ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले.

या इतिहासाचा आधार घेऊन आजच्या नक्षलवाद्यांना १९४२ च्या सत्याग्रहींच्या पंक्तीस बसविण्याचे कारण नाही. वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरी येथे १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक बळी पडले. ज्या घरांतील कर्ते पुरुष असे गेले, त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. प्रश्न हेतूंच्या तुलनेचा नसून प्रक्रियेचा आहे. गुन्हा जितका घोर, तितका पुरावा निर्दोष हवा, हे तत्त्व एकदा सोडले की दोषी आणि निर्दोष यांतील भेद सत्तेच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविता येऊ लागली. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाकारण्याचे बंधन न्यायालयावर आले. तथापि त्याच दुरुस्तीने एक कुंपणही घातले. खटल्यास मंजुरी देण्यापूर्वी पुराव्याची स्वतंत्र छाननी झाली पाहिजे, असे ते सांगते. जामिनाची वाट अरुंद करताना ठेवलेली ही एकमेव भरपाई होय.

ती किती पाळली जाते, हे प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या खटल्यात दिसून आले. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मंजुरीच सदोष असल्याचे सांगून आरोपींना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्थगित केला आणि पुढे फेरसुनावणीचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या खंडपीठानेही मंजुरी अवैध ठरविली. शिवाय जप्ती व पुरावाही सिद्ध होत नसल्याचे नमूद केले. चाकाच्या खुर्चीवर जखडलेले साईबाबा सात वर्षांनी बाहेर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवर्तले. त्यांचा एक आदिवासी सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच मरण पावला. मंजुरीची छाननी आरंभीच काटेकोर झाली असती, तर दोन न्यायालयांना एकच चूक दोनदा दाखवावी लागली नसती. पोलिसांचेही यात हित नाही. कारण सदोष खटल्यातून खरा अपराधीही सुटतो.

अटकेची कारणे आरोपीस लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये याच कायद्याच्या संदर्भात स्पष्ट केले. माडिया वा गोंडी बोलणाऱ्या माणसाच्या हाती मराठीचा वा इंग्रजीचा कागद ठेवला, म्हणजे हे कर्तव्य संपत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या बाबतीत १९६२ मध्येच हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात, कारणे स्थानबद्धास समजणाऱ्या भाषेत हवीत, असे न्यायालयाने बजावले होते.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. कडव्या डाव्या संघटनांना आवर घालणे हा त्याचा घोषित हेतू आहे. परंतु हाती असलेल्या कायद्यातील कुंपणे शासन पाळत नसेल, तर नव्या अधिकारांची मागणी करण्याचा त्याचा नैतिक आधार दुबळा ठरतो. खटले रोज चालावेत, मंजुरीचा प्रत्येक आदेश कारणांसह लिहिला जावा, वनप्रदेशातील प्रत्येक आरोपीस पहिल्या दिवसापासून दुभाषा व वकील मिळावा, एवढे तरी शासनाने प्रथम करून दाखवावे. वटहुकमाच्या न्यायाची चव चिमूरने परकीय अमदानीत चाखली आहे. स्वकीयांच्या राज्यात ती कोणाच्याही वाट्याला येता कामा नये.