नवा कर्नल आला आणि नेट गेले

या सदरात आपण नेहमी दाखले, शिष्यवृत्ती, पेन्शन अशा कागदांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरात कॉम्प्युटर शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

सेलू म्हणजे आमचे वर्धा जिल्ह्यातले, परभणीकडचे नव्हे. येथे वस्तीतल्या तरुणांनी चालविलेली एक लहानशी अभ्यासिका आहे. तीत तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या कार्यालयातून निकाली निघालेले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल थांबली. विंडोज ११ ला अशी जुनी यंत्रे चालत नाहीत. मग नवे कॉम्प्युटर घ्यायचे कोठून? म्हणून पोरांनी त्यांवर डेबियन नावाची लिनक्स प्रणाली आधीच घालून ठेवली होती. तिला पैसे पडत नाहीत आणि मराठी टंकलेखनही होते.

एका रात्री साडेआठच्या सुमारास मी जेवायला बसलो होतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"काकाजी, नेट नाही ना येऊन राहिलं. अन् उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे."

फॉर्म शिष्यवृत्तीचा होता. वडील जिनिंगमध्ये हमाल. तिच्या मोबाईलवर तो फॉर्म अर्ध्यात अडकत होता आणि स्कॅन केलेले सारे दाखले अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरमध्ये होते. ताटावरून उठलो. कारण दोष कोणाचा हे मला ठाऊक होते. आदल्या संध्याकाळी डेबियन १२ काढून १३ मीच चढविले होते. काम संपले, पडद्यावर चूक दिसली नाही, म्हणून कॉम्प्युटर बंद करून मी घरी आलो. पुन्हा चालू करून पाहिलाच नाही.

वाटेत आमच्या गल्लीतले महार रेजिमेंटचे पेन्शनर हवालदार काका ओट्यावर बसले होते. "काय झालं जी?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "कर्नल बदलला, म्हणून घोळ झाला वाटते." काका म्हणाले, "कोन्या पलटनीचा?"

हसण्यावारी नेऊ नका, आपल्या मराठीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात. हा कर्नल म्हणजे बीच्या आतला गर. आपल्या कापसाच्या भाषेत सांगायचे तर रुई काढल्यावर उरते ती सरकी, आणि सरकीच्या आत असतो तो गर. कॉम्प्युटर सुरू झाला की हा गाभा आधी स्मरणात जाऊन बसतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, स्मरणातली जागा कोणाला द्यायची, डिस्क, कळफलक, पडदा यांच्याशी कसे बोलायचे हे सारे तोच ठरवितो. आपण जे पाहतो, टाइप करतो, ते या गाभ्याच्या वरचे कवच.

जगातल्या प्रत्येक यंत्राची माहिती गाभ्यातच कोंबून ठेवली तर तो अवजड होईल. म्हणून लिनक्समध्ये बरीचशी माहिती वेगळ्या तुकड्यांत ठेवलेली असते. त्यांना मॉड्यूल म्हणतात. वाय-फायचा डोंगल लावला की गाभा त्याचे मॉड्यूल बोलावतो, काम संपले की ते काढूनही टाकता येते. मंडईत गाडी आली की हमालांना हाक मारतात, तसेच. मात्र येथे एक अट आहे. प्रत्येक कर्नलचे मॉड्यूलचे कपाट वेगळे असते. लिब नावाच्या कप्प्यात मॉड्यूल्स, आणि त्यात कर्नलच्या नंबराचा एकेक फोल्डर. डेबियन १२ चा कर्नल ६.१ मालिकेतला होता, १३ चा ६.१२ मालिकेतला. म्हणजे कपाटे दोन.

अभ्यासिकेत पोहोचलो. ती मुलगी माझ्यापेक्षा हुशार. तिने काळ्या खिडकीत "युनेम डॅश आर" टाइप केले, ६.१२ असे उत्तर आले. मग "एलएसयूएसबी", त्यात डोंगल दिसत होता. म्हणजे यंत्र जिवंत होते, केबल ठीक होती. मग "एलएसमॉड", म्हणजे आता कामावर कोण कोण हजर आहे त्याची हजेरी. त्यात डोंगलचे मॉड्यूल नव्हते. तिने "मॉडप्रोब" लिहून त्याला नावाने हाक मारली. उत्तर आले की या नावाचे मॉड्यूल ६.१२ च्या फोल्डरमध्ये सापडत नाही.

येथे मी कारकुनी केली. म्हटले, फाईल जुन्या कपाटात आहे ना? मग नव्या कपाटात नक्कल ठेवू. ठेवली, यादी नव्याने करायची "डेपमॉड" ही आज्ञाही दिली, आणि पुन्हा हाक मारली. आता दुसरीच चूक आली, एक्झेक फॉर्मॅट एरर. "डीमेसेज" या आज्ञेने गाभ्याचा रोजनामा उघडतो. त्यात लिहिले होते की हे मॉड्यूल खुणेच्या आवृत्तीशी जुळत नाही. मॉड्यूल तयार होताना त्यावर ते कोणत्या कर्नलसाठी आहे याचा एक प्रकारचा शिक्का बसतो, आणि गाभ्याच्या आतले एकेक काम ज्या बांधणीचे असेल तिचीही खूण त्यात जाते. नव्या गाभ्याने शिक्का पाहिला आणि कागद परत केला. कार्यालयात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. जबरदस्तीने घुसविण्याचीही एक सोय आहे, पण ती करू नये. चुकीचे मॉड्यूल गाभ्याच्या आत शिरले तर आख्खे यंत्र गोठू शकते, डिस्कवरच्या मजकुराचेही नुकसान होऊ शकते.

साडेनऊ वाजून गेले होते. ती म्हणाली, "काकाजी, जुना कर्नल पुसला तर नाही ना?"

पुसला नव्हता. डेबियन नवा कर्नल घालताना जुना तसाच ठेवते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, ग्रब नावाची पहिली यादी आली, तीत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" अशी ओळ असते. तेथे दोन्ही कर्नल उभे होते. तिने ६.१ निवडला. दोन मिनिटांत नेट आले. पावणेअकराला फॉर्म सादर झाला आणि पावतीची प्रत तिने वहीत घडी करून ठेवली. मोबाईल केबलने जोडून त्याचेच नेट कॉम्प्युटरला देता येते, तेही नव्या कर्नलवर चालले असते. पण त्या रात्री आम्हा दोघांनाही ते सुचले नाही. पोटात गोळा आलेला असला की डोके चालत नाही.

पुढच्या रविवारी बसून मूळ शोधले. आमच्या डोंगलचे मॉड्यूल डेबियनच्या कर्नलबरोबर येत नव्हते. ते बाहेरून आणून डीकेएमएस नावाच्या सोयीत ठेवलेले होते. ही सोय चांगली आहे. नवा कर्नल आला की ती मूळ मजकुरावरून त्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधते. पण बांधायला त्या कर्नलची हेडर नावाची फाईलपुडकी लागतात, जणू इमारतीचा नकाशा. सुरुवातीला बसविताना पोरांनी फक्त त्या वेळच्या कर्नलच्या नंबराचे हेडर घेतले होते. ६.१२ आला तेव्हा त्याचा नकाशा घरात नव्हता, म्हणून डीकेएमएस गप्प बसले. "डीकेएमएस स्टेटस" विचारले तर ६.१ पुढे बसविले असे होते, ६.१२ चा उल्लेखच नाही. ही एक ओळ त्या रात्री आधी पाहिली असती तर माझी नक्कल करण्याची फजिती टळली असती.

यावर उपाय म्हणजे नंबर नसलेले "लिनक्स हेडर्स एएमडी६४" हे पॅकेज घ्यायचे. ते नव्या कर्नलबरोबर आपोआप नवे हेडर ओढून आणते. घेतले. तरी बांधणी मोडलीच! मेक लॉग नावाच्या फाईलमध्ये शेवटच्या ओळींत कारण होते. डोंगलचा मजकूर दोन-तीन वर्षांपूर्वीचा, आणि दरम्यान गाभ्याच्या आतल्या काही कामांची नावे नि मागण्या बदललेल्या. वरच्या प्रोग्रामांना दिलेले वचन लिनक्सचे कर्ते कसोशीने पाळतात, जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालला पाहिजे असा त्यांचा आग्रह. आतल्या मॉड्यूलना मात्र असे वचन नाही. जे मॉड्यूल कर्नलच्या मूळ मजकुरात सामील आहे ते बदल करणारेच सुधारून देतात. बाहेरच्याने आपले आपण पाहायचे. त्या मॉड्यूलचा ताजा मजकूर उतरविला तेव्हा बांधणी झाली.

ही नियमावली कोणा सरकारने केलेली नाही. १९९१ च्या २५ ऑगस्टला हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली करीत आहोत असे जाहीर केले. १९९२ मध्ये त्याने ती जीपीएल या परवान्याखाली आणली. त्या परवान्याने कोणीही मूळ मजकूर वाचावा, बदलावा, वाटावा, पण पुढच्यालाही तोच हक्क द्यावा असे ठरले. योगायोग पाहा, त्याच १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक पुढे आणला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. सी-डॅकने डेबियनच्या पायावर बॉस नावाची भारतीय प्रणालीही काढली आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभासुद्धा लिनक्सचाच. हवालदार काकांना हे सांगितले तर त्यांनी आपला फोन काढून उलटासुलटा करून पाहिला.

तिसऱ्या कॉम्प्युटरवर वेगळीच अडचण निघाली. मॉड्यूल व्यवस्थित बांधले गेले, कपाटात गेले, हाक मारली तर "की वॉज रिजेक्टेड". त्या यंत्रात सिक्युअर बूट चालू आहे, म्हणजे सही असल्याशिवाय गाभा कोणालाच आत घेत नाही. आपण घरी बांधलेल्या मॉड्यूलवर घरचीच सही करता येते. पण ती सही यंत्राला एकदा ओळखवून द्यावी लागते. चालू होताना निळा पडदा येतो, तेथे आधी ठरविलेला पासवर्ड टाकायचा. आमचा पहिला प्रयत्न फसला, कारण त्या पडद्याला फार वेळ दिला तर तो निघून जातो आणि मुलगी तेव्हा चहा आणायला गेली होती. मी एकटा बसून पाहत राहिलो.

आता अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. कर्नल चढविण्याआधी तारीख, जुना नंबर, नवा नंबर आणि करणाऱ्याची सही. चढविल्यावर लगेच पुन्हा सुरू करून नेट, आवाज, छपाई तपासायची. जुना कर्नल आठ दिवस तरी काढायचा नाही. "ऑटोरिमूव्ह" ही आज्ञा त्या आठवड्यात कोणी द्यायची नाही, ती जुना कर्नल साफ करू शकते. आणि फॉर्मची शेवटची तारीख जवळ असेल त्या आठवड्यात कोणतेच अपडेट नाही, मग काकाजी स्वतः आले तरी नाही. ही शेवटची ओळ त्या मुलीने तांबड्या शाईने लिहिली आहे.

तिसरा कॉम्प्युटर तूर्त ६.१ वरच चालतो आहे. येत्या रविवारी ती पुन्हा येणार आहे. चहा आधी पिऊन घेऊ.