कचेरीतील सौजन्य कोणासाठी?

कचेरीत भ्रमणध्वनीवर हळू व सभ्यपणे बोलावे, बैठकीत तो मुका ठेवावा, खासगी संभाषण दालनाबाहेर जाऊन करावे, असा आदेश राज्य शासनाने जुलै 2021 मध्ये काढला. प्रौढ नोकरदारांना हे शाळकरी धडे लेखी द्यावे लागावेत, याची आम्हांस खंत वाटते. धडे मात्र गैर नव्हते. त्यातील एक सूचना अधिक बोलकी होती: लोकप्रतिनिधी व वरिष्ठ यांच्या दूरध्वनीस विनाविलंब उत्तर द्यावे. ठीक! पण इंदिरानगरातून बसने, कागदांची पिशवी सांभाळीत आलेला जो वृद्ध निवृत्तिवेतनधारक मेजासमोर ताटकळत उभा असतो, त्याचे काय? त्याला ‘बसा’ म्हणावयास पदरचे काही मोडावे लागत नाही. वरिष्ठांपुढे लवणारी मान सौजन्याने लवते की धास्तीने, हे अशा बिनअधिकाराच्या माणसापुढेच कळते. शिवाय, कारण न देता ‘उद्या या’ म्हणणे कितीही गोड आवाजातले असले तरी उद्धटपणाच होय. कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ अडवू नये, असे राज्याचा 2005 चा विलंब-प्रतिबंधक कायदा सांगत आहे. आवाजाची पट्टी ठरविणाऱ्या शासनाने, आठवा दिवस कोण मोजतो, हेही एकदा जाहीर करावे.