उलट्या पावली येणारे पाणी

या पावसाळ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींना मी सहा आठवड्यांत तीन वेळा जुलाबासाठी तपासले. पहिल्या दोन खेपांना औषध लिहून दिले, जलसंजीवनी समजावून सांगितली आणि बाहेरचे खाणे टाळण्याचा उपदेशही केला. आजी गेली दोन वर्षे उंबरठ्याबाहेर पडलेल्या नाहीत हे ठाऊक असूनही केला! तिसऱ्या खेपेस सूनबाईंनी विचारले, "डॉक्टर, जेवण ताजे असते, नळाचे पाणी मी गाळून भरते. मग आईंना हे पुन्हा पुन्हा का होते?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळी दवाखाना बंद करून मी त्यांच्या घरी गेलो. खरे तर पहिल्याच खेपेस जायला हवे होते.

घर जुने, दुमजली. पालिकेची एकच वाहिनी. तिच्यावरच स्वयंपाकघराचा नळ, न्हाणीघराचा नळ आणि वरच्या बिऱ्हाडाची जोडणी. न्हाणीघराच्या नळाला रबरी नळी लावलेली आणि तिचे तोंड बादलीत बुडालेले. त्या बादलीत आजींचे खराब झालेले कपडे भिजत होते. एवढ्यात वरच्या मजल्यावर मोटर सुरू झाली आणि बादलीतले पाणी आपसूक खाली जाऊ लागले. नळी ते ओढून घेत होती. मोटर थांबली, वाहिनीला पुन्हा दाब आला की तेच पाणी स्वयंपाकघराच्या नळावाटे पिण्याच्या पिंपात उतरणार होते. वरच्या बिऱ्हाडातील मुलाचेही पोट महिनाभर बिघडलेले होते, हे तेव्हा कळले.

असे होऊ नये म्हणून न्हाणीघराच्या फाट्यावर एक पितळी झडप बसवलेली होती. प्लंबर तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्या पोटात बिजागरीवर झुलणारी एक चकती असते. पाणी पुढे जाताना ती उचलली जाते. मागे येऊ लागले की आपल्या बैठकीवर बसून वाट बंद करते. आपल्या पायांच्या शिरांमध्ये निसर्गाने अशाच झडपा बसवल्या आहेत. त्या सैल झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात. इथल्या झडपेत मात्र चकतीच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाणी कमी येते म्हणून कारागिराने झडप उघडली, क्षाराने आखडलेली चकती काढून टाकली आणि टोपण पुन्हा लावून दिले. पाणी जोरात येऊ लागले. सर्वांना समाधान वाटले.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. १९६९ साली अमेरिकेतील वूस्टर येथे होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात काविळीची मोठी साथ आली. जवळपास आग लागली, अग्निशमन दलाने पाणी उपसल्यामुळे वाहिनीतला दाब उतरला आणि मैदानालगतच्या फवाऱ्यांच्या खड्ड्यांत साचलेले दूषित पाणी उलटे आत ओढले गेले. ९७ पैकी सुमारे ९० जणांना बाधा झाली आणि दोन सामन्यांनंतर संघाला तो हंगाम सोडून द्यावा लागला. ते धट्टेकट्टे तरुण होते, हे ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली तेव्हा मी मुद्दाम उभा राहिलो. आपणही राहावे. आधी मुख्य कॉक बंद करून एक नळ उघडा ठेवायचा, म्हणजे वाहिनीतला दाब निघून जातो. टोपण उघडल्यावर आतला प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने कापडावर मांडावा. मोबाइलवर छायाचित्र घेतले तर उत्तमच. बैठकीवरचा क्षार जुन्या दातघासणीने व लिंबाच्या रसाने काढावा. कानस लावू नये. तिचे ओरखडे उरले की चकती पुरती बसत नाही. रबर कडक झाले असेल, त्याला चिरा असतील तर ते बदलावेच. जोडताना झडपेवरील बाण पाणी जाण्याच्या दिशेने असावा, आडव्या नळावर टोपण वरच्या अंगाला यावे आणि सुताचा धागा आत लोंबू नये. एक धागा अडकला तरी चकती अर्धवट उघडी राहते.

मग परीक्षा. मुख्य कॉक बंदच ठेवून न्हाणीघराचा नळ उघडावा, त्याची नळी उंच धरून काठोकाठ पाण्याने भरावी आणि स्वयंपाकघराचा नळ सोडावा. नळीतली पातळी उतरली तर झडप गळते आहे. आमच्या कारागिराला दोनदा उघडावी लागली. त्याने कुरकुर केली नाही. त्यानंतर नळ बराच वेळ वाहू दिले, पिंप रिकामे करून घासले आणि आजी बऱ्या होईपर्यंत पाणी रटरटून उकळून देण्यास सांगितले.

झडपेहूनही भरवशाची गोष्ट फुकट आहे. नळीचे तोंड कधीही पाण्यात बुडू देऊ नये. ते बादलीच्या काठापेक्षा चार बोटे वर असावे. मध्ये हवा असली की ओढले जाण्यासारखे पाणीच नसते.

आजींविषयी थोडे. उतारवयात तहान मंदावते आणि कातडीची चिमटी घेऊन शरीरातील पाण्याचा अंदाज येत नाही, कारण ती एरवीही सैलच असते. लघवी किती वेळा व कोणत्या रंगाची होते हे पाहावे. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जुलाबाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. मनाने बंदही करू नयेत, रेटूही नयेत. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास जलसंजीवनी किती द्यावी तेही विचारावे. गुंगी, शौचातून रक्त किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

आजी आता बऱ्या आहेत. वरच्या बिऱ्हाडाने मात्र मोटर अद्याप काढलेली नाही. दिवाळीनंतर हौद बांधून ती त्यावर बसवू म्हणतात. तोवर सूनबाईंनी नळी हातभर कापून टाकली आहे आणि उरलेली खिळ्याला टांगून ठेवली आहे.