‘कुटुंबं एकत्र विकली’ म्हणे!

एका चर्चासत्रात मी अमेरिकेतल्या गुलामांच्या लिलावांवर बोलत होते. एक ज्येष्ठ प्राध्यापक मध्येच म्हणाले, “काही मालक कुटुंबं एकत्रच विकत, हेही लिहा. मांडणीत समतोल हवा.” तेव्हा मी गप्प बसले. उत्तर आता देते.

मार्च १८५९. जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर. सट्ट्यात आणि जुगारात बुडालेल्या पिअर्स बटलरचं कर्ज फेडायला दोन दिवसांत ४०० हून अधिक माणसं विकली गेली. ३,०३,८५० डॉलर जमले. लिलावाआधी या माणसांना शर्यतीच्या मैदानातल्या घोड्यांच्या पागांत ठेवलं होतं. गिऱ्हाइकं त्यांचे दात बघत, दंड चाचपत.

अट होती, कुटुंबं फोडायची नाहीत. पण कुटुंब म्हणजे कोण, हे विकणाऱ्याने ठरवलं. नवरा, बायको, लहान मुलं. म्हातारे आईबाप, मोठी झालेली भावंडं त्यात धरली नाहीत.

जेफ्री २३ वर्षांचा. डॉर्कसशी त्याला लग्न करायचं होतं. तो आधी विकला गेला. “तिलाही घ्या,” म्हणून नव्या मालकापुढे त्याने हात जोडले. मालकाची ना नव्हती. पण डॉर्कस चौघांच्या कुटुंबात विकली जाणार होती आणि त्याला चौघं नको होते. ज्या अटीचं कौतुक मला ऐकवलं गेलं, तिनेच या दोघांची ताटातूट केली. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा बातमीदार मॉर्टिमर थॉमसन गिऱ्हाइकाच्या सोंगाने तिथे गेला होता, म्हणून हे आपल्याला कळलं.

निघताना बटलरने प्रत्येकाच्या हातावर एक डॉलर ठेवला. समतोलवाल्यांना त्यातही दानत दिसेल.

१८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. त्यानंतर कित्येक दशकं कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत राहिल्या: माझी आई कुठे आहे, भाऊ कुठे आहे? त्यात जुन्या मालकाचं नाव द्यावं लागे. आईला शोधायचं तर तिला विकणाऱ्याचं नाव घ्यायचं!

१८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केला. हा इतिहास तेव्हापासून आपलाही आहे.

आपण घरातले पहिले पदवीधर. अभिलेखागारात आपल्या हाती येते ती विकणाऱ्याची यादी: क्रमांक, नाव, वय, काम. ती जरूर वाचा. पण तिच्यातला ‘कुटुंब’ हा शब्द न तपासता आपल्या प्रबंधात उतरवू नका. आणि कुणी समतोल मागितला, तर माझ्यासारखं गप्प बसू नका. जेफ्री आणि डॉर्कसची नावं घ्या.