डॉक्टरांना आहारशास्त्र कोण शिकवितो?

गरोदर सून दवाखान्यातून परत येते तेव्हा हल्ली पुष्कळदा तिच्या पिशवीत गोळ्यांबरोबर प्रथिनांच्या भुकटीचा डबाही असतो. त्या डब्याच्या किमतीत घरची कित्येक दिवसांची डाळ आली असती. डॉक्टरांनी तो लबाडीने लिहून दिला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वैद्यकीच्या अभ्यासक्रमात आहारशास्त्राच्या वाट्याला थोडीच जागा येते; आणि पदवी मिळाल्यावर ह्या शास्त्रात नवे काय निघाले, हे दिवसभर रोगी तपासणाऱ्या माणसास कोण सांगणार? पुष्कळदा डबा विकणाऱ्याचा प्रतिनिधीच सांगतो, आणि सुबक छापलेले पत्रकही ठेवून जातो.

पत्रक सोडाच, मोठ्या नियतकालिकांचाही ह्या बाबतीत भरवसा नसतो. 1967 साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या विद्वानांनी हृदयरोगाचा दोष स्निग्ध पदार्थांवर ठेवून साखरेस जवळजवळ निर्दोष सोडले. त्या लेखासाठी साखर कारखानदारांच्या संस्थेने 6,500 डॉलर दिले होते, ही गोष्ट जुन्या पत्रव्यवहारातून 2016 साली उघडकीस आली. मधल्या काळात डॉक्टरांची एक पिढी शिकून निवृत्तही झाली!

ह्याउलट आपल्या हैदराबादेत काय घडले ते पाहा. कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटीत आहे, असे त्या काळी जगभर मानीत. राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी ह्यांनी खेड्यांतील अर्धपोटी बालकांस गव्हाचे पीठ, साखर व तेल ह्यांचा साधा खाऊ रोज दिला. त्यात सुमारे 310 कॅलरी होत्या, पण प्रथिन अवघे 3 ग्रॅम. तरीही मुलांची वाढ सुधारली! 1973 साली हे प्रसिद्ध झाले. मुलांस उणे होते ते पोटभर अन्न. डबा विकणाऱ्यास असले संशोधन सांगण्यात काय स्वारस्य?

डॉ. गोपालन ह्यांनी 1980 साली दिल्लीत न्यूट्रिशन फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापिली व डॉक्टर, परिचारिका, अध्यापक ह्यांच्यासाठी एक छोटी पत्रिका सुरू केली. नवे संशोधन चाळून, त्यातील खरेखोटे निवडून थोडक्यात सांगावे, एवढेच तिचे काम. काम रूक्ष खरे, पण दळणातले खडे कोणीतरी वेचावेच लागतात.

कायद्यानेही एक पाऊल टाकले आहे. 1992 च्या शिशुदुग्ध कायद्यात 2003 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून तान्ह्या बाळांच्या दुधाची भुकटी करणाऱ्यांस डॉक्टरांच्या परिषदांना वा संशोधनाला पैसा देण्यास मनाई आहे. मोठ्यांसाठीच्या भुकटीस मात्र हा कायदा लागू नाही.

हैदराबादच्या त्याच संस्थेने 2024 साली आहारविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली असून तीत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्याचा स्पष्ट सल्ला आहे. ती आपल्या दवाखान्यात पोहोचली आहे काय, हे पुढल्या खेपेस डबा लिहून मिळेल तेव्हा वाचकांनी नम्रपणे विचारून पाहावे.