बोटांची ऊब

हात गारठले म्हणजे आपण ते एकमेकांवर चोळतो, फार तर शेकोटीपुढे धरतो. बोटांच्या गारठ्याचे मूळ बोटांतच असणार, असा आपला सरळ हिशेब. तो किती अपुरा आहे, हे बर्फासारख्या पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते.

आइसलंडमधील थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानात सिल्फ्रा नावाची खोल भेग आहे. हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे झिरपत तेथे येते. ते विलक्षण नितळ असल्यामुळे देशोदेशींचे पाणबुडे तेथे उतरतात. पण त्याचे तापमान बारमाही २ ते ४ अंश सेल्सियस! त्यातून पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट. अशा वेळी शरीर काटकसर आरंभते. हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखण्यासाठी ते हातापायांकडील रक्तवाहिन्या आकसून घेते. तेल संपत आले की घरधनीण देवघरातील समई तेवती ठेवते आणि ओसरीवरचा दिवा मालवते, तसाच हा प्रकार.

म्हणून जाणता पाणबुडा आधी धड आणि डोके झाकतो. सिल्फ्रात पाणी आत शिरू न देणारा ड्राय सूट घालतात व त्याखाली उबदार कपडे. हातमोजे आणि टोपी बहुधा निओप्रीनची. या रबरात वायूचे सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात, तेच ऊब धरतात. मात्र १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात आणि ऊबही उणावते. हातमोजा फार घट्ट असला तर रक्त अडते; तंग बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबले तर पाय उलट अधिकच गारठतात. पाच बोटे सुटी ठेवणाऱ्या मोज्यापेक्षा बोटे एकत्र ठेवणारा मोजा अधिक उबदार, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हे. हवेची झडप फिरवणे, पट्ट्याची कडी सोडवणे ही कामे बोटांचीच. पाण्याखाली बोलणेही हातांच्या खुणांनीच होते. तेव्हा हात बधिर होणे म्हणजे मुके होणेच. बोटे ऐकेनाशी होण्यापूर्वीच सोबत्याला खूण करून सावकाश वर यावे, यात कमीपणा नाही. वर आल्यावर अंग कोरडे करून लोकरीचे कपडे घालावेत. बधिर बोटे कढत पाण्यात मात्र बुडवू नयेत. त्यांना चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

सिल्फ्रा आपल्यापासून दूर खरी, पण शरीराचा नियम सर्वत्र एकच. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत सकाळच्या शाळेत मुलांच्या हातून पेन निसटताना आम्ही शिक्षकमंडळी नेहमी पाहतो. तेव्हा वाचकहो, मुलाचे हात गार लागले तर हातमोजे शोधण्याआधी त्याच्या अंगात पुरेसे लोकरीचे कपडे आहेत ना आणि डोके झाकलेले आहे ना, हे पाहावे, एवढीच आमची विनंती.