नाण्यांच्या प्रतवारीची खिडकी फोर्टातच उघडा



गिरगाव, परळ, लालबागमधल्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंका त्यामुळे उघडतात आणि त्यांतून राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे कलदार, क्वचित एखादी शिवराई बाहेर येते. मग घरातले कोणीतरी ती पुरचुंडी घेऊन सराफाकडे जाते. सराफ वजन करतो आणि चांदीचा भाव देतो. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून हा व्यवहार मोहात पाडणारा झाला आहे. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, म्हणजे हजाराहून जास्त रुपये हातोहात मिळतात. त्यांतले एखादे नाणे त्याच्या कित्येक पटींचे असू शकते, पण ते सांगणारा त्रयस्थ माणूस या माणसांना भेटत नाही. नाणी मुशीत जातात आणि कायमची संपतात.

जुन्या नाण्यांच्या बाजारात आज खरे-खोटे ठरवणारा, झीज मोजणारा आणि भाव करणारा बहुतेकदा एकच असतो, आणि तोच गिऱ्हाईकही असतो. प्रामाणिक व्यापारी पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यांच्याकडूनच शिकलो. पण घेणाऱ्यानेच प्रत ठरवावी ही पद्धत मुळातच चुकीची आहे.

परदेशात हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सुटला. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली होती. तीच पुढे सर्व नाण्यांना लावून पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्थांनी १९८०च्या दशकात प्रतवारीची सेवा सुरू केली. या संस्था नाणे तपासतात, अंक देतात आणि ते प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. या डबीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. लिलावात स्लॅबमधल्या नाण्यावर अनोळखी माणूसही विश्वासाने बोली लावतो.

मग आपली नाणी तिकडे का पाठवू नयेत, असे मला नेहमी विचारले जाते. याला दोन अडचणी आहेत, आणि पहिली कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराई, पेशवाईतला अंकुशी रुपया, व्हिक्टोरियाचा प्रत्येक रुपया, किंवा राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झालेला १९११ चा रुपया, यांतले काहीही कायदेशीरपणे परदेशी जाऊ शकत नाही. दरवर्षी आणखी एका सालाची नाणी या रेषेच्या पलीकडे जातात. हा कायदा योग्यच आहे, तो सैल करा असे मी म्हणत नाही. पण नाणे बाहेर जाऊ द्यायचे नसेल, तर ते तपासण्याची सोय घरातच करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते.

दुसरी अडचण खर्चाची. अगदी खालच्या श्रेणीतही एका नाण्याचे शुल्क वीस डॉलरच्या आसपास जाते. त्यावर जाण्यायेण्याचे टपाल, विमा, हाताळणी आणि परतताना कस्टमची कागदपत्रे. १९४७ चा वाघछाप निकेलचा रुपया सर्वसाधारण अवस्थेतला असेल, तर प्रतवारीचा खर्च त्याच्या किमतीहून कितीतरी जास्त होतो. शंभर वर्षांच्या आतली नाणी पाठवायचीच असतील तर काही जणांनी मिळून एकच पार्सल करावे, आणि प्रत ठरल्यावर ज्याची किंमत खरोखर वाढेल तेवढेच नाणे त्यात घालावे. आणि आई-आजींना एवढेच सांगणे आहे की लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नका. घासलेल्या नाण्याला या संस्था अंक देत नाहीत, साफ केल्याचा शेरा मारतात. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयाचेही तेच होते.

सोन्याच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न स्वस्तात सोडवून दाखवला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या मान्यताप्राप्त केंद्रावर सामान्य ग्राहक आपला दागिना तपासून घेऊ शकतो. २०२२ मध्ये जाहीर झालेला दर चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि पाच किंवा अधिक असल्यास दागिन्यामागे ४५ रुपये असा आहे. परळच्या माणसाला मंगळसूत्राची शुद्धता दोनशे रुपयांत कळते, तर आजोबांच्या रुपयाचे खरेपण का कळू नये?

मुंबईत लागणारे सगळे काही आहे. फोर्टातली टांकसाळ १८२९ पासून नाणी पाडते आणि तिच्याकडे धातुपरीक्षेची यंत्रणा आहे. १८६२ सालाच्या राणीछाप रुपयावरचे साल १८७४ पर्यंत तेच राहिले. मुंबईच्या टांकसाळीने घातलेल्या ठिपक्यांवरून संग्राहक त्याचे खरे वर्ष शोधतात. हे ठिपके ओळखण्याची जागा अमेरिका नव्हे, फोर्टच. जवळच रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणेदालन आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था.

प्रत हे शेवटी एक मत असते, सरकारी खात्याने त्यात पडू नये, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे, म्हणूनच काम दोन भागांत करावे. वजन, व्यास, धातू, कडेवरचा सांधा, छाप ठशाने पडली की साच्यात ओतली, हे मत नव्हे, मोजमाप आहे. पहिल्या टप्प्यात एवढेच तपासावे आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या छायाचित्रांसह क्रमांकाचा दाखला द्यावा. प्रत्येक नाण्याचे ओरखडे वेगळे असल्याने दाखल्याखाली दुसरे नाणे खपवणे कठीण जाईल. महागडी डबी ज्याला हवी त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावी. झिजेचा अंक दुसऱ्या टप्प्यात तज्ज्ञांच्या समितीने द्यावा, आणि नाण्यांचा व्यापार करणारा कोणीही त्या समितीवर नसावा. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

नुसता पहिला टप्पा झाला तरी मोठे नुकसान टळेल. राम दरबार आणि हनुमानाची, १८१८ साल घातलेली ‘ईस्ट इंडिया कंपनीची नाणी’ आजही लाखो रुपयांच्या आशेने विकली जातात. कंपनीने अशी नाणी कधी काढलीच नव्हती. १९३९ चा दुर्मीळ चांदीचा रुपया तर दुसऱ्या सालाच्या नाण्यावरचा अंक कोरून बनवला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावे लागले, कारण जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून भामटे तिच्या नावावर कमिशन आणि कर उकळत होते. विश्वासाची खिडकीच नसेल तर माणसे अशांच्याच दारात जाणार.

टांकसाळ चालवणाऱ्या महामंडळाने आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाने दर महिन्याला निदान एक दिवस फोर्टात ही तपासणी सुरू करावी आणि दागिन्यांच्या तपासणीइतकाच दर ठेवावा. दक्षिण आणि मध्य मुंबईच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा. आणि ज्यांच्या घरी अशी पुरचुंडी आहे त्यांना हात जोडून विनंती, की ही सोय होईपर्यंत ती सराफाच्या तराजूत टाकू नका.

– एक नाणेसंग्राहक, लालबाग, मुंबई